गुडघ्याला बसवून ठेवू नकोस

चि. ओंकारास,


कबड्डीत गुडघा मुरगळला, एमआरआयमध्ये कूर्चेला जखम दिसली आणि तेव्हापासून तू खाटेवरून पाय खाली टाकत नाहीस, असं तुझी आई रडत सांगत होती. म्हणून लगेच लिहायला बसले.

खाटकाकडून आणलेल्या ताज्या नळीचं टोक आठव. निळसर पांढरं, बोट ठेवलं की घसरतं. तीच कूर्चा. तुझ्या गुडघ्यात ती काही मिलिमीटर जाडीची आहे. तिला रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून ती कातडीसारखी भरून येत नाही. बिघडलेली कूर्चा भरून येत नाही, हे लंडनच्या विल्यम हंटर यांनी १७४३ सालीच मांडलं होतं. मग तिला अन्न कुठून? सांध्यातल्या पाण्यातून. भार पडला की ती स्पंजासारखी पिळली जाते, भार सुटला की पाणी शोषून घेते. पाय हललाच नाही, तर ती उपाशी राहते रे.

हे मला फार उशिरा कळलं. पन्नाशीत गुडघा धरला तेव्हा जो तो म्हणाला, वंगण संपलं, आता बसून राहा. दोन वर्षं बसले. फिजिओथेरपीच्या ताईंनी टेप लावली, तर दुखऱ्या पायाची मांडी दुसरीपेक्षा तीन सेंटिमीटर बारीक! गुडघा तोलून धरणारा स्नायूच मी घालवला होता. त्यांनी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि ती खाली दाबून दहा आकडे मोजायला लावले. पहिल्या दिवशी चारच्या पुढे जाईना, मांडी नुसती थरथरत होती.

गुडघेदुखीवर घेतात त्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांत पैसे घालू नकोस. २००६ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत त्या एकंदरीत खोट्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. सांधेबदल माझ्या वयाला. तुझ्यासारख्या तरुणाची जखम मोठी असेल, तर त्याच्याच कूर्चेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून परत बसवतात. स्वीडनच्या डॉक्टरांनी असे पहिले २३ रुग्ण १९९४ साली जगापुढे मांडले. पण त्यानंतरही महिनोन्‌महिने व्यायाम चुकत नाही.

गुडघा सुजला किंवा मध्येच अडकला, तर मात्र थांब आणि दाखवून घे. काय करायचं, किती करायचं, हे आधी तुझ्या डॉक्टरांना विचार.

रविवारी मी येते आहे. टेप पिशवीत टाकली आहे. दोन्ही मांड्या मोजू आणि आकडे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहू.

तुझी,
आजी