टाकीवर किती खर्च झाला, सांगा पाहू

मुलांनो, हातातले मोबाइल खाली ठेवा आणि नीट ऐका. तुमच्यातले काही आता आजी-आजोबा झाले, कुणी पतसंस्थेचा चेअरमन आहे, कुणी पुण्यात बंगला बांधला. म्हणून बाई आज गोड बोलतील अशी अपेक्षा ठेवू नका. नागरिकशास्त्र मी तुम्हाला मार्कांसाठी शिकवलं नव्हतं.

साधं विचारते. गावात पाण्याची नवी टाकी उभी राहिली, तिच्यावर किती खर्च झाला, सांगा पाहू. ठेकेदार कोण होता? काम किती दिवसांत पुरं करायचं ठरलं होतं? कुणालाच येत नाही. दिल्लीतल्या कालच्या भांडणाबद्दल मात्र प्रत्येकाकडे उत्तर आहे, वॉशिंग्टनबद्दलही ठाम मत आहे. ज्या टाकीचं पाणी तुमची नातवंडं पितात तिच्याबद्दल एका अक्षराचा पत्ता नाही, आणि त्याची लाजही नाही. राग मला त्याचा येतो.

‘बाई, आता सगळं ग्रुपवर कळतं,’ असं तुम्ही म्हणता. काय कळतं? कुणाचं निधन झालं, कुणाला कोणत्या गटाचं रक्त हवं, घाटात एसटी अडकली, हे लगेच कळतं. ते चांगलंच आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण कालव्याचं आवर्तन आठ दिवसांनी पुढे का ढकललं? गायरानाची जमीन कुणाच्या नावावर होऊ घातली आहे? प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर किती महिने नाही? यातलं काहीही आपोआप ग्रुपवर येत नाही. त्यासाठी कुणाला तरी तहसील कचेरीत ताटकळावं लागतं, कागद मागावा लागतो, दोन्ही बाजूंच्या माणसांना भेटावं लागतं, लिहिलेलं पुन्हा तपासावं लागतं. ती मेहनत करणाऱ्या माणसाला आपण बातमीदार म्हणतो. तो तुमच्या डोळ्यांदेखत नाहीसा होतोय.

का नाहीसा होतोय, तेही ऐका. तालुक्याच्या साप्ताहिकाचा माणूस वर्षाची वर्गणी मागायला दारात आला, तेव्हा ‘हल्ली कोण वाचतं पेपर’ म्हणून त्याला परत पाठवलं ते तुम्हीच. मोबाइलचं रिचार्ज करताना तुम्ही कधी घासाघीस केली नाहीत. मोठ्या दैनिकाचा तालुका प्रतिनिधी म्हटला की त्याला पगार असेल असं तुम्ही धरून चालता. बहुतेकांना तो नसतो. तुटपुंजं मानधन असतं, कित्येक ठिकाणी तेही नसतं, आणि वर जाहिरातींचं टार्गेट असतं. जाहिरातीवरचं कमिशन हीच त्याची खरी कमाई. आता जाहिरात कोण देतं? साखर कारखाना, पतसंस्था, बाजार समिती आणि वाढदिवसाला पान घेणारा पुढारी. ज्याच्या ओसरीवर शुक्रवारी बिलासाठी बसायचं, त्याच्याच कारखान्यानं उसाची एफआरपी थकवल्याची बातमी सोमवारी द्यायची, अशी त्याची कोंडी आहे. तुम्ही वाचक म्हणून पैसे देत नाही, तेव्हा देणारा दुसरा कुणीतरी असतो, आणि तो आपल्या सोयीची बातमी मागतो. इतका सरळ हिशेब तुम्हाला सुटू नये?

वृत्तपत्रांचे दोष मी धुऊन काढायला उभी नाही. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारांकडून पॅकेज घेऊन बातम्या छापल्या गेल्या आणि महाराष्ट्राची देशभर नाचक्की झाली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या पापाचं समर्थन होऊ शकत नाही. पण तुम्ही त्यावरून काढलेला निष्कर्ष आळशी माणसाचा आहे. पेपर विकले गेले म्हणून वाचणंच बंद केलंत. प्रामाणिक राहिलेल्याला शोधून त्याच्या पाठीशी उभं राहायचं कुणाला सुचलं नाही.

पाठीशी उभं न राहण्याची किंमत कोण मोजतं ते राजापूरला जाऊन विचारा. शशिकांत वारिशे हे तिथले बातमीदार. रिफायनरीच्या वादात जमिनींच्या व्यवहारात असलेल्या एका माणसाबद्दल त्यांची बातमी 6 फेब्रुवारी 2023 ला छापून आली. त्याच दिवशी दुपारी त्यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली, दुसऱ्या दिवशी ते गेले. बातमी ज्याच्याविषयी होती त्यालाच पोलिसांनी अटक केली. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरोधात महाराष्ट्राच्या विधिमंडळानं 2017 सालीच कायदा केला होता. कायदा पुस्तकात होता आणि माणूस रस्त्यावर एकटा होता. आपल्या तालुक्यातल्या वार्ताहराला धमकी आली, तेव्हा तुमच्यापैकी कोण पोलीस ठाण्यात त्याच्यासोबत गेलं? हात वर करा. नका करू, मला माहीत आहे.

आता राईनपाड्याचं. विसरलात ना? 1 जुलै 2018, धुळे जिल्हा, साक्री तालुका, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाइलवरून कित्येक दिवस फिरत होत्या. जमावानं त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत! जिथे ग्रामसभेचं इतिवृत्त ठेवायचं, तिथे. त्यानंतर व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कंपनीनं आपली मर्यादा आखली, तुम्ही आखलीत का? ‘आला तसा पाठवला’ हे वाक्य मला पुन्हा ऐकवू नका. शाळेत उत्तर नकललं तर मी वही परत करत होते. इथे नकललेल्या खोट्यानं माणसं मेली. पोलीस ठाण्याला फोन करून ‘अशी एक तरी तक्रार नोंदली आहे का’ एवढंच विचारणारा आणि ते छापणारा विश्वासाचा माणूस ज्या गावात असतो, तिथे अफवेला कुणीतरी अडवणारा असतो. तुमच्या ग्रुपला ॲडमिन आहे, पण अडवणारा कुणी नाही.

बातम्यांचं पोर्टल काढून बसलेल्या पोरांनो, तुम्हीही ऐका. हातात बूम आला म्हणजे पत्रकारिता आली असं होत नाही. अपघाताच्या जागी जखमीच्या तोंडासमोर माइक धरायचा, एकाचीच बाजू चालवायची, दुसऱ्याला फोन न करताच ‘संपर्क होऊ शकला नाही’ लिहायचं, आणि बातमी काढून टाकण्यासाठी पाकीट घ्यायचं. असल्या धंद्याला मी शिकवलेली मुलं लागली हे कळतं तेव्हा मला रात्री झोप लागत नाही. अत्याचार झालेल्या अल्पवयीन मुलीचं घर, गल्ली, नातेवाईक दाखवणं हा पॉक्सो कायद्यानं गुन्हा आहे. व्ह्यूज किती मिळाले ते मला सांगू नका.

मोबाइलनं सगळं बिघडवलं, ही पळवाटही बंद करते. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूट भागात 2002 साली ‘खबर लहरिया’ हे वृत्तपत्र सुरू झालं. खेड्यातल्या बायका, त्यातल्या अनेक दलित, त्यांची बुंदेली बोली, आणि बातम्या कसल्या, तर रस्ता, पाणी, बलात्काराची न नोंदवलेली तक्रार. पुढे त्याच बायकांनी मोबाइलवर चित्रण करायला शिकून आपलं काम डिजिटल केलं. तोच फोन तुमच्याही खिशात आहे. आपल्याकडे म्हसवडला माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्र माणदेशातल्या माणसांशी त्यांच्या भाषेत बोलतं. साधनं बदलली, ती बदलत राहणार. बातमी आणायला कुणी बाहेर पडतं का, हा माझा प्रश्न आहे.

आणि छोट्या गावातून काही होत नाही, असं तर या मातीत जन्मून म्हणूच नका. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ हे वृत्तपत्र चालवलं. 1910 साली सुरुवात केली आणि अर्धशतकाहून अधिक काळ, अडचणी सोसत, शेतकऱ्यांच्या आणि सत्यशोधकांच्या बाजूनं ते लिहीत राहिले. बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ 31 जानेवारी 1920 ला निघाला, त्यासाठी शाहू महाराजांनी 2500 रुपये दिले होते. वृत्तपत्राला पैसा लागतो हे राजालाही समजत होतं. तुम्ही दरवर्षी 6 जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार घालता, ‘दर्पण’वर भाषणं ठोकता, वार्ताहराला शाल-श्रीफळ देता. शालीवर त्याच्या मुलांची फी भरली जात नाही.

2022 मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आणि नगरपालिकांच्या मुदती संपल्या होत्या. पुढची काही वर्षं तिथे प्रशासकांनी कारभार केला. प्रश्न विचारायला सभागृहात निवडून दिलेला माणूस नाही, आणि बाहेर बातमीदारही नाही. त्या काळात तुमच्या नावानं कोणती बिलं निघाली, कोणते ठेके दिले गेले, तुम्हाला माहिती नाही. ती माहिती कुणी लपवलेलीच असेल असं नाही, तुम्ही मागितली नाहीत. घरच्या बाबतीतही तेच. शेतजमीन विकली जाताना ‘हरकत असल्यास कळवावे’ अशी जाहीर नोटीस कुठल्याशा पेपरच्या आतल्या पानावर येते आणि बहिणीचा हिस्सा जातो. पेपर घरात येत नाही म्हणून ती हरकत कुणी घेत नाही. नंतर माझ्याकडे रडत येता.

आता करायचं काय ते लिहून घ्या. ग्रामपंचायतीला केंद्राच्या वित्त आयोगाकडून किती निधी आला आणि कशावर गेला, हे ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर कुणालाही पाहता येतं. आज रात्री पाहा. जे तिथे नसेल त्यासाठी माहितीच्या अधिकारात अर्ज करा. 2005 पासून हा कायदा आहे, अर्जाला दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. तुमच्यातल्या कितीजणांनी आयुष्यात एक अर्ज केला? ग्रामसभेला जा. सही करून निघून येऊ नका, ठराव वाचून दाखवा म्हणा. ग्रुपवर आलेली कुठलीही गोष्ट, कुणी पाहिलं, कधी, कुठे, हे कळल्याशिवाय पुढे पाठवू नका. ॲडमिन असाल तर पाठवणाऱ्याला जाहीरपणे विचारा, मग तो तुमचा मेहुणा का असेना.

पुण्या-मुंबईतल्या आणि परदेशातल्या मुलांना वेगळं सांगते. जत्रेला मंडपाचा खर्च उचलता, शाळेच्या कमानीवर नाव कोरून घेता. या वर्षी मला कमान नको. तुम्ही सगळे मिळून तालुक्यात एका बातमीदाराच्या पगाराची सोय करा, एखाद्या शिकलेल्या, निर्भीड मुलीची, आणि तिच्या वकिलाच्या फीचीही. एक अट आहे. तिनं काय लिहावं यात तुमच्यापैकी एकानंही तोंड घालायचं नाही. चेअरमनसाहेब, हे तुम्हालाही लागू आहे. तुमच्याच पतसंस्थेची बुडीत कर्जं तिनं छापली, तरी पुढच्या महिन्याचा पगार एक तारखेला झाला पाहिजे.