आधी स्वतःची गोळी घे

तुझं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. 'धन्य आहे तिची', 'आजच्या काळात कोण करतं हो एवढं?' हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. तुमच्यापैकी एकीनं तरी तिच्या घरी एक रात्र काढली का, असं मी विचारलं, तेव्हा सगळ्या हातातल्या वाणाकडे बघायला लागल्या. कौतुकाला पैसे पडत नाहीत, म्हणून लोक ते सढळ हातानं वाटतात. तू मात्र त्याच्यावर जगायला लागली आहेस. आजी झालीस तरी माझ्या वर्गातली आहेस, तेव्हा मध्ये न बोलता ऐक.

यजमानांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यानंतर तू त्यांचं जे केलंस त्यात मी काडीची खोट काढणार नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे बदलायचीच. पाठीवर एक जखम होऊ दिली नाहीस. सकाळी आठच्या ठोक्याला रक्तदाबाची गोळी. आता मला सांग, तुझी रक्तदाबाची गोळी कोणती? तीच ना? त्याच पाकिटातली? मग एक काढून त्यांच्या तोंडात घालताना दुसरी स्वतःच्या तोंडात घालायला तुझा हात कुणी धरला होता? 'राहून जाते, बाई.' राहून जाते म्हणे! रक्तदाब बेफाम वाढला की मेंदूतली रक्तवाहिनी तुंबते नाहीतर फुटते. शास्त्राच्या तासाला हे मी शिकवलं होतं, आणि आता तर ते तुझ्या घरातल्या कॉटवर रोज समोर दिसतंय. तरी तुझी गोळी राहून जाते. उद्या शेजारी दुसरी कॉट लागली की दोघांची कूस कोण बदलणार, याचा हिशेब केला आहेस?

आणि दुसरी गोष्ट. पाळी जाऊन वर्षं झाली आणि आता पुन्हा डाग दिसतो, हे तू मला निघताना, चपला घालता घालता सांगितलंस. वर 'दिवाळी होऊ दे, मग दाखवते.' त्या दिवशी रस्त्यात माणसं होती म्हणून गप्प बसले. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर एकदा जरी रक्त दिसलं तरी तपासणी करायची असते. बहुतेकींच्या बाबतीत कारण साधं निघतं. काहींच्या बाबतीत तो गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा पहिला इशारा असतो, आणि तो वेळेत ओळखला तर बहुतेकदा बरा होतो. त्याला दिवाळी कळत नाही. यजमानांच्या लघवीचा रंग जरा बदलला तर रात्री डॉक्टरांना फोन लावतेस आणि स्वतःचं रक्त अंगावर काढतेस, याला मी सेवा म्हणणार नाही. याला बेजबाबदारपणा म्हणतात. शाळेत असतीस तर वहीवर लाल शाईनं लिहून पालकांची सही मागितली असती.

कंबर धरली आहे तीही का, ते मी परवा उभी राहून पाहिलं. काखेत हात घालून साठ-पासष्ट किलोंचा माणूस वर ओढतेस. त्यांचा हात तुझ्या मानेभोवती. यानं तुझा मणका जातो, आणि त्यांचा लुळा खांदा ओढला गेला की तो निखळायची भीती असते. म्हणजे दोघांचंही नुकसान. रुग्णाला उचलायचं नसतं, उठायला मदत करायची असते. आधी त्यांना कॉटच्या कडेला आण, पावलं जमिनीवर पूर्ण टेकू देत, गुडघे वाकलेले, धड पुढे झुकलेलं. चाकाची खुर्ची त्यांच्या चांगल्या बाजूला, म्हणजे डाव्या हाताला, तिरकी लाव आणि ब्रेक लावल्याशिवाय पुढचं काही करू नकोस. त्यांच्या कमरेला रुंद पट्टा बांध, तो धर. तू पाठीत वाकू नकोस, गुडघ्यात वाक, एक पाय पुढे. कुशीवर वळवायला अंगाखाली आडवी चादर घाल आणि ती ओढ, माणसाला ओढू नकोस. अंग पुसताना कॉट तुझ्या कमरेइतकी उंच हवी, बसवताना खाली हवी; खालीवर होणारी कॉट भाड्यानं मिळते. फिजिओथेरपिस्ट घरी येतो तो फक्त त्यांचे पाय हलवायला येतो असं तुला वाटतं का? त्याच्यासमोर तू दोनदा करून दाखव, चुकलं की तो सांगेल. डॉक्टरांना विचारून एअर बेड घे. रात्रीच्या फेऱ्यांचं अंतर थोडं वाढवता येतं का तेही विचार. रात्रभर तुकड्या-तुकड्यांनी झोपून दिवसा ताठ उभं राहायला तुझं वय विशीचं नाही.

जेवणाबद्दल फार बोलत नाही. त्यांच्या ताटातला उरलेला मऊ भात आणि चहात बुडवलेली बिस्किटं हे जेवण नव्हे. भाकरी, भाजी, डाळ, बसून.

आता मूळ दुखण्यावर येते. तुझ्याकडे मदत आली नाही असं नाही. तू ती टिकू दिली नाहीस. ब्यूरोकडून मावशी आली, चार दिवसांत घालवलीस. कारण काय, तर चादरीला सुरकुत्या राहतात. दीर म्हणाला रविवारी मी बसतो, तर 'त्यांना माझ्याच हातचं लागतं.' त्यांना लागतं का तुला? 'माझ्याशिवाय पान हलत नाही' हे ऐकायची चटक लागली आहे तुला. कठोर वाटलं तर वाटू दे. सेवेत अहंकार शिरला की तो ओळखू येत नाही, कारण तो थकलेला चेहरा घेऊन फिरतो.

माझं म्हणणं मनाचं नाही, मोजलेलं आहे. अमेरिकेत 1995 साली ओहायोमधल्या संशोधकांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची काळजी घेणाऱ्या 13 बायका घेतल्या आणि तशाच वयाच्या, पण ही जबाबदारी नसलेल्या 13. सगळ्यांच्या हाताला सारखीच छोटी जखम केली. काळजी घेणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. पुढे 1999 साली पिट्सबर्गच्या शुल्झ आणि बीच यांनी म्हाताऱ्या जोडप्यांची पाहणी छापली. आजारी जोडीदाराची काळजी घेताना ज्यांच्यावर ताण होता, त्यांच्यात चार वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण ही जबाबदारी नसलेल्यांपेक्षा 63 टक्क्यांनी जास्त निघालं. ही ओळ ऐकून लगेच डोळे पुसू नकोस, पुढची ऐक: जे काळजी घेत होते पण ताणाखाली नव्हते, त्यांच्यात तसं वाढलेलं प्रमाण दिसलं नाही. म्हणजे सेवेनं माणूस खचत नाही, सगळं एकट्यानं अंगावर घेऊन खचतो.

तू यजमानांवर ओरडलीस आणि मग नळ सोडून बाथरूममध्ये रडलीस, हेही मला कळलं आहे. त्याबद्दल मी रागावणार नाही. ते पाप नाही, थकव्याचं लक्षण आहे. पण झोप उडाली, जेवण तुटलं, 'मी गेले तर सुटेन' असं मनात आलं, तर तो स्वभाव नाही, आजार आहे आणि त्याला औषध आहे. सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलते. फोन करायला लाज कसली?

तुझ्या मुलालाही सोडत नाही. पुण्याहून दर महिन्याला पैसे पाठवतो आणि व्हिडिओ कॉलवर 'आई, जप स्वतःला' म्हणतो. जपणं कॉलवर होत नाही. मावशीचा पगार त्यानं परस्पर द्यावा, म्हणजे तुला तिला घालवता येणार नाही. वडिलांचं दिव्यांग प्रमाणपत्र त्यानं काढून आणावं. 2016च्या कायद्यात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याची गोष्ट आहे, ती प्रत्यक्ष हातात पडेल तेव्हा पडेल, पण प्रमाणपत्राशिवाय कुठल्याच खिडकीवर उभं राहता येत नाही. आणि महिन्यातून एक शनिवार-रविवार त्यानं इथं येऊन रात्री उठावं. मुलगा आहे, पाहुणा नाही.

सोमवारी सकाळी दीर यजमानांपाशी बसेल. मी त्याच्याशी बोलले आहे. तू स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं, डाग कधीपासून आहे ते लाजून न झाकता सांगायचं, तिथंच रक्तदाब मोजून घ्यायचा. संध्याकाळी मला दोन आकडे फोनवर हवेत, वरचा आणि खालचा. 'बघते बाई' हे उत्तर मी शाळेत कधी घेतलं नाही, आताही घेणार नाही.