आधी थांबवा, मग काढा

सर्व्हरवरून एखादे पॅकेज काढायचे, तर सर्व्हरची मांडणी सांभाळणाऱ्या पपेट या अवजारात एक शब्द पुरतो: ‘अ‍ॅबसेंट’. मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये ऑस्लोत सीएफइंजिन लिहिले, तेव्हापासून अशा अवजारांचा भर यावरच आहे की शेवटची स्थिती सांगा, तिथवर यंत्र पोहोचेल. काढताना मात्र तेवढ्याने भागत नाही. पपेटमध्ये एरवी आधी पॅकेज, मग सेवा असा क्रम लिहितात. तो इथे उलटा करावा लागतो, आणि तो करणाऱ्याने विचारपूर्वकच करायला हवा.

लिनक्समध्ये फाइल पुसली की तिचे नाव जाते. चालू प्रोग्रामने ती उघडी धरली असेल, तर मजकूर डिस्कवर तसाच राहतो. त्यामुळे पॅकेज निघून गेल्यावरही जुना वेब सर्व्हर मेमरीत जिवंत राहून पोर्ट ८० अडवून बसू शकतो. पॅकेजांच्या यादीत तो नसतो, म्हणून त्याच्या सुरक्षेच्या त्रुटींची विचारपूसही कोणी करत नाही. नोंद आणि वास्तव यांची ही फारकत मला सर्वांत घातक वाटते.

डेबियन किंवा आरपीएमची नीट बांधलेली पॅकेजे काढण्यापूर्वी स्वतःच सेवा थांबवतात. कंपनीत घाईने बांधलेल्या पॅकेजांत ती स्क्रिप्ट असेलच असे नाही. शिवाय कसे थांबायचे, ही माहिती पॅकेजबरोबरच येते आणि त्याच्याबरोबरच जाते. पोस्टग्रेस हा डेटाबेस नीट थांबवला तर मेमरीतली बदललेली पाने डिस्कवर उतरवून मगच बंद होतो. लिनक्समधल्या सेवा सांभाळणारी सिस्टमडी थांबण्याचा संदेश देऊन सहसा ९० सेकंद वाट पाहते, त्यानंतर सक्ती करते. ही मुदत कामाला हक्काने मिळाली पाहिजे.

अडचण येते ती अवजार पुन्हा चालवल्यावर, पुढच्या फेरीत. सेवा उरलेलीच नसते, आणि पपेटसारखेच दुसरे अवजार, अँसिबल, ती सापडत नाही म्हणून अडते. मग ‘चुका दुर्लक्षित करा’ असे लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण त्याच ओळीखाली सेवा खरोखर न थांबल्याची बातमीही दडपली जाते. आधी सेवांची यादी घ्यावी, नाव असेल तरच थांबवावे.

आणि काम झाले म्हणून थांबवण्या-काढण्याच्या या ओळी लगेच पुसू नयेत. दुरुस्तीसाठी बंद असलेला सर्व्हर महिन्याने परत येतो, तेव्हा त्याच्यावर ती सेवा चालूच असते.