डावीकडचं शून्य

आमच्या बँकेत खातेक्रमांकाच्या डावीकडे शून्यं भरतात. किंमत काही नाही. पण एक गाळा, खातंच सापडत नाही!

मजकुराच्या डावीकडे अशीच भर घालणारा ११ ओळींचा प्रोग्राम अझर कोचुलू या गृहस्थांनी एका सामायिक कोठारात फुकट ठेवला होता. मार्च २०१६ मध्ये त्यांच्या दुसऱ्याच प्रोग्रामचं नाव कोठारवाल्यांनी एका कंपनीला देऊन टाकलं. गृहस्थ पंगतीतून उठले, ते आपली सगळी भांडी घेऊन! जगभर हजारो कामं अडली. मग कोठारवाल्यांनी त्या ११ ओळी परस्पर पुन्हा मांडल्या.

दिलेलं दान परत घ्यावं का? आमची ही म्हणते, "छे!" पटतं. पण धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणणाऱ्यांनी तिच्या वैरणीचं काय, ते सांगितलेलं नाही. डावीकडच्या शून्यालाही वाटतं हो, कधीतरी कुणी विचारावं!