केसांचा सन्मान आणि मनाचा गर्व

सर्व स्तुती अल्लाहसाठी, ज्याने मानवाला उत्तम घडणीत निर्माण केले, आणि दरूद व सलाम त्या अंतिम प्रेषितांवर (स.), ज्यांनी आम्हाला नमाज शिकविली आणि डोक्यावरून कंगवा कोणत्या बाजूने फिरवावा, हेही आपल्या आचरणातून दाखविले.

बंधू-भगिनींनो, चांदूर बाजारसारख्या आपल्या गावांत चाँदरातीला सर्वांत उशिरापर्यंत दिवे जळतात ते शिंप्याच्या आणि कटिंगच्या दुकानांत. मुले रांगेत बसलेली असतात. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये एक छायाचित्र तयार असते : वर कापून विस्कटल्यासारखे दिसणारे दाट केस, बाजूंना मात्र कातडी दिसेपर्यंत मशीन फिरवलेली. सकाळी वडिलांची नजर त्या डोक्यावर पडते आणि ज्या घरात तकबीर घुमायला हवी, तेथे वाद घुमू लागतो. बाप एका सफमध्ये उभा राहतो, मुलगा दुसऱ्या. पुढच्या शुक्रवारी मस्जिदच्या दारात एखादे वडीलधारे चारचौघांत त्याच्या डोक्यावर बोट ठेवतात आणि त्याच्या पुढच्या शुक्रवारी तो मुलगा येतच नाही. केस बोटभर; पण त्यापायी पडणारे अंतर मात्र हातभर!

म्हणून हा विषय क्षुल्लक समजू नये. दोन प्रश्न शांतपणे विचारू या. धर्माने या बाबतीत मुलाला काय सांगितले आहे? आणि बापाला काय सांगितले आहे?

प्रथम हे ध्यानात घ्यावे की इस्लामने नीटनेटकेपणाला दुनियादारी म्हटलेले नाही. ज्याला केस आहेत त्याने त्यांचा मान राखावा, अशी शिकवण ह. अबू हुरैरा (रजि.) यांच्या कथनातून आपल्यापर्यंत आली आहे. ह. जाबिर (रजि.) सांगतात की केस पिंजारलेला एक मनुष्य पाहून प्रेषितांनी (स.) विचारले, याला केस बसवायला काहीच मिळाले नाही काय? स्वतः प्रेषितांचे (स.) केस ह. अनस (रजि.) यांच्या वर्णनानुसार ना अगदी कुरळे होते, ना अगदी सरळ. ते कधी कानाच्या पाळीपर्यंत असत, तर कधी खांद्यापर्यंत पोहोचत. ह. आयशा (रजि.) सांगतात की केस विंचरतानाही उजवीकडून आरंभ करणे त्यांना प्रिय होते. मात्र रोज उठून याच कामात गुंतून राहू नये, म्हणून एक दिवस सोडून विंचरण्याची शिकवणही त्यांनी दिली. अस्ताव्यस्तपणा नको आणि आरशाची गुलामीही नको, हा तो मध्यम मार्ग.

म्हणजे केस आखूड ठेवावेत की लांब, सरळ बसवावेत की त्यांचा नैसर्गिक वळसा खुलवावा, याला धर्माने मोकळीक दिली आहे. सीमा आहे ती ‘कजअ’ची. डोक्याचा काही भाग मुंडणे आणि काही भाग तसाच सोडणे, यास कजअ म्हणतात. ह. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषितांनी (स.) यास मनाई केली, ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहात असेही आहे की अशा रीतीने अर्धवट मुंडलेला एक मुलगा पाहून त्यांनी सांगितले, मुंडायचे तर सगळे मुंडा, नाहीतर सगळे राहू द्या. इमाम नववी (रह.) यांनी नोंदविले आहे की डोक्यावर ठिकठिकाणी असे मुंडणे मकरूह असल्यावर आलिमांचे एकमत आहे, औषधोपचारासारखी गरज असेल तर गोष्ट वेगळी.

येथे मातांनाही एक विनंती. काही घरांत बाळाचे जावळ काढताना मन्नतीची म्हणून एक बट राखून ठेवतात. सातव्या दिवशी अकीका करावा, सगळे जावळ उतरवावे आणि त्याच्या वजनाइतकी चांदी दान करावी, ही शिकवण आपल्याकडे असताना एखाद्या बटेत बाळाचे रक्षण शोधू नये. रक्षण करणारा एकच आहे. शिवाय आपणच लहानपणी ठेवलेली बट आणि मोठेपणी मुलाने ठेवलेला झुबका, यांपैकी एकाचेच वाईट वाटणे न्यायाचे नाही.

आता आजच्या ‘फेड’ कटिंगविषयी. वस्तऱ्याने किंवा झिरो मशीनने बाजूची कातडी उघडी केली आणि माथ्यावर दाट केस ठेवले, तर अनेक आलिम यास कजअमध्येच गणतात. परंतु सगळ्या डोक्यावर केस आहेत, केवळ बाजूंचे अधिक आखूड आणि वरचे थोडे लांब आहेत, तर ते मुंडणे नव्हे, कापणे होय. तरीही एखादी ठेवण विशिष्ट अनैतिक टोळक्याची वा गर्विष्ठांची ओळख बनली असेल, तर तिच्यापासून दूर राहणेच शोभते. कारण मनुष्य ज्यांच्यासारखा दिसू पाहतो, त्यांच्यातच गणला जातो, असा इशारा हदीसमध्ये आहे.

तरुण मित्रांनो, तेव्हा दुकानात बसताना अशी निवड करता येईल. बाजूंना झिरोऐवजी दोन किंवा तीन नंबरची मशीन सांगा. दोन नंबरने सुमारे 6 आणि तीन नंबरने सुमारे 10 मिलिमीटर केस राहतात. वरचे केस दोन-तीन बोटे ठेवून कात्रीने लहान-मोठ्या टोकांत कापून घ्या. केस दाट असतील तर दातेरी कात्रीने हलके करता येतात. विरळ असतील तर ती कात्री टाळावी. कुरळे केस ओले असताना लांब दिसतात आणि वाळल्यावर आखडतात, म्हणून एकदम जास्त कापू देऊ नका. भोवऱ्याजवळचे केस फार आखूड केले की ते उभेच राहतात. मानेवरची लव साफ करा. पण डोक्यात वस्तऱ्याने रेघा आणि नक्षी कोरून घेऊ नका. असे केस चेहऱ्याला शोभतात, वऱ्हाडच्या उन्हाळ्यात सोयीचे होतात आणि सुन्नतची मर्यादाही राखली जाते.

केस बसविण्यासाठी वॅक्स लावत असाल, तर चण्याएवढे पुरते. मात्र एवढे ध्यानात असू द्या : वुजूमध्ये मसह करताना ओला हात केसांपर्यंत पोहोचला पाहिजे, हनफी मतानुसार डोक्याच्या किमान चौथ्या भागाचा मसह फर्ज आहे. गुस्लमध्ये तर पाणी केसांच्या मुळापर्यंत गेले पाहिजे. तेलाचा ओशटपणा आड येत नाही. पण पाणी अडविणारा जाड थर आड येतो. तो आधी धुऊन काढावा आणि शंका असल्यास आपल्या मस्जिदच्या आलिमांना विचारावे. आरशासमोर ठीक बसलेले केस अल्लाहसमोर उभे राहण्याच्या आड येत असतील, तर तो सौदा तोट्याचा आहे.

आणि मनावर लक्ष ठेवा. चांगला पोशाख आवडणे हा गर्व आहे काय, असे विचारले गेले तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की अल्लाह सुंदर आहे व त्याला सौंदर्य प्रिय आहे, गर्व म्हणजे सत्य नाकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे. दुसरीकडे त्यांनीच अशा एका माणसाची हकीकत सांगितली, जो केस विंचरून, आपल्याच रूपावर खूश होऊन ऐटीत चालला होता आणि जमिनीत गडप झाला. कंगवा दोन्ही ठिकाणी आहे. फरक मनाचा आहे.

परंतु वडीलधाऱ्यांनो, गर्वाची ही व्याख्या आपल्यालाही लागू आहे. चारचौघांत मुलाला तुच्छ लेखणारी जीभ त्याच्या केसांहून अधिक धोक्यात आहे. मौता येथे ह. जाफर (रजि.) शहीद झाले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांच्या घरी तीन दिवस शोकाला दिले. मग त्यांच्या लहान मुलांना बोलावून घेतले. पक्ष्याच्या पिलांसारखी दिसणारी ती मुले समोर आली. त्यांनी न्हाव्याला बोलाविले आणि त्यांचे केस उतरवून घेतले. अनाथ झालेल्या मुलांच्या डोक्यांकडे आधी कोणाचे लक्ष गेले, पाहा. तेथे फटकार नव्हती, माया होती.

आणि हिजरी 6 मधील हुदैबियाचा प्रसंग आठवा. तह झाला होता, सहाबींची मने दुखावलेली होती. कुर्बानी करून केस उतरवा, असे तीनदा सांगूनही कोणी उठेना. तेव्हा ह. उम्मे सलमा (रजि.) यांनी सल्ला दिला की कोणाशी एक शब्दही न बोलता आपण बाहेर जावे, आपली कुर्बानी करावी आणि न्हाव्याला बोलावून आपले केस उतरवावेत. प्रेषितांनी (स.) तसेच केले. ते पाहताच सर्व सहाबी उठले आणि एकमेकांचे केस उतरवू लागले.

शब्दांनी जे झाले नाही, ते आचरणाने झाले. आणि तो मार्ग घरातील एका स्त्रीने सुचविला होता. तेव्हा या ईदपूर्वी मुलाला दुकानात एकटे पाठवू नका. त्याच्यासोबत जा, खुर्चीवर आधी स्वतः बसा. मग त्याला विचारा, तुला कसे हवेत? त्याच्या आवडीतले जे जायज आहे ते मोकळ्या मनाने मान्य करा आणि जे नाही ते हळू आवाजात, कारण देऊन सांगा. परतताना दोघे एकाच वाटेने मस्जिदकडे या. यंदाचे केस दोन महिन्यांत वाढतील, ठेवण बदलेल. परंतु बापाच्या शेजारी सफमध्ये उभे राहण्याची सवय एकदा तुटली, तर ती पुन्हा जुळायला वर्षे लागतात.

हे अल्लाह, आमचे बाह्यरूप सुंदर कर आणि आमचे अंतःकरण त्याहूनही सुंदर कर. आमच्या मुलांना तुझ्या घराशी जोडून ठेव आणि आमच्या जिभांना त्यांना तोडण्यापासून वाचव. आमीन.