कौलाच्या काळातील प्रार्थना

प्रार्थनेत काय मागावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. घरात लेकरू तापाने फणफणले की मागणे आपोआप ओठी येते. परंतु अवघ्या प्रदेशाचे भवितव्य मतपेटीत पडावयाचे असते आणि दोहों पक्षांचे लोक हात जोडून उभे राहतात, तेव्हा कोणाचे मागणे रास्त म्हणावे?

आफ्रिका खंडातील सुदान देशावर असा प्रसंग आला होता. उत्तर व दक्षिण भागांत १९८३ पासून चाललेल्या युद्धात सुमारे वीस लक्ष माणसे शस्त्राने, भुकेने आणि रोगाने मेली, असा अंदाज आहे. ९ जानेवारी २००५ रोजी नैरोबी येथे करार झाला. एकत्र नांदावयाचे की वेगळे व्हावयाचे, याचा कौल दक्षिणेच्या लोकांनी सहा वर्षांनी द्यावा, असे त्यात ठरले. कौल जवळ आला तसे पुन्हा रक्तपाताचे भय वाढले. तेव्हा तेथील ख्रिस्ती धर्मसंस्थेने २१ सप्टेंबर २०१० पासून १०१ दिवसांची प्रार्थना आरंभिली. मागणे एवढेच, की कौल शांततेने पार पडावा.

येथे साधकाने थोडे थांबावे. जय मागणारा दुसऱ्याचा पराजय न उच्चारताही मागून बसलेला असतो. हिंसा हाताने घडण्याआधी मनात घडते, हे अहिंसा हा आचाराचा प्राण मानणाऱ्यांस निराळे सांगावयास नको. शांती मागणाऱ्याला मात्र ती प्रतिपक्षासाठीही मागावीच लागते; एकट्यापुरती शांती कोणास मिळालेली नाही. आणि मागून झाले म्हणजे कर्तव्य सरले, असेही नव्हे. कर्म जीवाचे आहे. हातातील शस्त्र ज्याचे त्यानेच खाली ठेवावयाचे असते.

९ ते १५ जानेवारी २०११ या दिवसांत मतदान झाले. अक्षरओळख नसलेल्यांसाठी मतपत्रिकेवर चित्रे होती : एकत्वासाठी एकमेकांत गुंतलेले दोन हात, वेगळेपणासाठी एकच उघडा हात. सीमेवरील अब्येई भागात चकमकी झाल्या, परंतु एरवी मतदान शांततेने पार पडले. ९८.८३ टक्के मते वेगळे होण्याच्या बाजूने पडली. निकाल लागण्यापूर्वीच, १६ जानेवारीस, दक्षिणेचे नेते साल्वा कीर यांनी जुबा येथील प्रार्थनामंदिरात, ज्यांनी आपली माणसे मारली त्यांना क्षमा करण्याची भाषा केली. युद्धात आयुष्य गेलेल्या सेनानीच्या तोंडी हे शब्द यावेत, ही लहान गोष्ट नव्हे.

९ जुलै २०११ रोजी नवे राष्ट्र जन्मले. आणि डिसेंबर २०१३ मध्ये त्याच कीर यांचे व त्यांचे सहकारी रीक माचार यांचे पक्ष एकमेकांवर तुटून पडले. मग ते १०१ दिवस वाया गेले काय? तसे म्हणवत नाही. जे मागितले ते मिळाले होते. परंतु क्षमा दूरच्या वैऱ्यापर्यंत पोचली, शेजारी बसलेल्या सोबत्यापर्यंत पोचली नाही. वैऱ्याला क्षमा करणे एक वेळ साधते. सोबत्याविषयीचा मत्सर जिरविणे फार कठीण. मठ असो की घर, हा अनुभव कोणास नवा आहे?

पुढे ११ एप्रिल २०१९ रोजी हे दोघे रोम नगरीत तत्कालीन पोप फ्रान्सिस यांच्यापुढे बसले होते. ब्याऐंशी वर्षांचा तो वृद्ध धर्मगुरू, चालणेही कष्टाचे झालेले, शांती राखा म्हणून विनवीत खाली वाकला आणि एकेकाच्या पायांचे त्याने चुंबन घेतले. दंडवत घालणाऱ्याला त्या वाकण्याचा अर्थ कळतो.