शिवलेला साप

ईश्वर व्हायला फार मोठी तपश्चर्या लागते, असा आपल्याकडे एक समज आहे. माझा अनुभव निराळा आहे. एक मीटर मांजरपाट, एक जुने पायमशीन आणि मे महिन्याच्या सुटीत घरी आलेली दोन नातवंडे एवढे साहित्य जमले, की कुणी वर चढायचे आणि कुणी खाली घसरायचे हे ठरवायचा अधिकार आपसूक आपल्या हातात येतो. मी कापडाची सापशिडी शिवायला घेतली होती.

"अहो, सापशिडी विकत मिळते की!" असे तुम्ही म्हणाल. शेजारच्या वहिनीही तेच म्हणाल्या. मिळते, नाही कुठे म्हणते मी? पण पुठ्ठ्याची सापशिडी नेमकी मधल्या घडीवर फाटते. मग वरच्या पन्नास घरांचा खालच्या पन्नास घरांशी काही संबंधच उरत नाही. समाजात हे होतेच. निदान खेळात तरी होऊ नये. शिवाय कापडावर वरण सांडले तर धुता येते. पुठ्ठ्यावर सांडलेले वरण पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

मांजरपाटाचा पन्हा ३६ इंच. त्यात ३० इंचांचा चौकोन बसवला, तीन तीन इंचांची घरे पाडली आणि चारी बाजूंना पट्टी सोडली. दहा बाय दहा घरांसाठी आडव्या अकरा आणि उभ्या अकरा अशा बावीस टिपा माराव्या लागतात. प्रत्येक टीप ३० इंचांची, म्हणजे एकूण ५५ फूट सरळ शिवण. ५५ फूट न वळता सरळ जाणे माणसाला कठीणच, पण मशीनला जमते. आपण फक्त खडूच्या रेघेवर नजर ठेवायची आणि पाय थांबू द्यायचा नाही. त्यानंतर आकडे. एक ते शंभर लिहायचे म्हणजे शंभर आकडे, असे आपल्याला उगीचच वाटते. मोजून पाहा, १९२ आकडे भरावे लागतात.

मशीनवर भरतकाम करायचे तर मशीनची नेहमीची शिस्त आधी मोडावी लागते. फूट काढून टाकायचा. कापड पुढे ढकलणारे दाते खाली करायचे, म्हणजे कापड हवे तिकडे फिरवता येते. रिंग हातभरतीच्या उलट बाजूने लावायची, म्हणजे कापड खाली पत्र्याला टेकते. आणि फूट नसला तरी मागचा दांडा मात्र आठवणीने खाली पाडायचा. नाहीतर वरच्या दोऱ्याला ताण मिळत नाही आणि खाली असा गुंता होतो, की कातरीशिवाय सुटका नाही. एकदा हे साधले, की सुई जागच्या जागी वरखाली करते आणि आकडा आपण हाताने कापड फिरवून काढायचा. आठचा आकडा फार गोड निघतो. पाच मात्र प्रत्येक वेळी निराळा निघतो. नातू म्हणाला, "आजी, तुझे सगळे पाच एकमेकांचे चुलतभाऊ आहेत."

शिड्या पांढऱ्या नाडीच्या केल्या. सापांसाठी माझ्या परकराची हिरवी पॉपलीन, एक जुना लाल ब्लाऊज आणि नातवाची आखूड झालेली पँट कामी आली. त्यांत कापूस भरला आणि कडेने टीप मारली. सगळ्यांत मोठ्या सापाला मात्र कापड पुरेना. तेव्हा आमचे हे उठले, कपाटातून एक मरून रंगाचा टाय काढून आणला आणि म्हणाले, "घे. याचा साप कर."

टाय ही वस्तू साप होण्यासाठीच जन्माला आलेली आहे, हे माझ्या लक्षात इतकी वर्षे कसे आले नाही, देव जाणे. एका टोकाला रुंद डोके, दुसऱ्या टोकाला निमुळती शेपटी. दोन बटणांचे डोळे लावले की झाले. त्याच्या आत जाड अस्तर असल्यामुळे तो मशीनखाली जाईना, म्हणून हातानेच टाचला. साप किती लांब असावा हे टायनेच ठरवले: ९८ पासून निघाला तो वळणे घेत घेत थेट ७ वर उतरला.

साप बसवून झाल्यावर वहिनींनी सूचना केली, "प्रत्येक सापाखाली त्याचा दुर्गुण भरा हो. खोटे बोलणे, आळस, गर्व. खेळता खेळता संस्कार होतात."

सूचना काही नवी नव्हती. सापशिडीचा मूळ पूर्वज म्हणजे आपला मोक्षपट किंवा ज्ञानचौपड. आपल्याकडची परंपरा मोक्षपटाचे नाते ज्ञानेश्वरांशी जोडते. कुठे ७२ घरे, जैनांच्या पटावर ८४. हे जुने पट कापडावर किंवा कागदावर रंगवलेले असत आणि कवड्या टाकून खेळत. सापाच्या तोंडाशी दुर्गुण, शिडीच्या पायथ्याशी सद्गुण, आणि वर मोक्ष. पुष्कळ पटांवर शिड्यांपेक्षा साप जास्त असत. ज्यांनी ते काढले, त्यांनी संसार केलेला असावा. १९व्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला, तेव्हा साहेबाने मोक्ष काढून टाकला आणि काटकसरीची, उद्योगाची शिडी लावली. आळसाचा साप दारिद्र्यात उतरवला. साप आणि शिड्याही समसमान करून टाकल्या. साहेबाचा हिशेब चोख. पुढे अमेरिकेत १९४३ साली तर साप हाकलून त्यांच्या जागी बागेतल्या घसरगुंड्या आल्या. म्हणजे मोक्षापासून निघालेली सोंगटी शेवटी बालोद्यानात पोहोचली.

वहिनींची सूचना अमलात आणण्यापूर्वी मी ती तोंडी करून पाहिली. नातीची सोंगटी हिरव्या सापाच्या तोंडी गेली, तेव्हा म्हटले, "बघ हं, हा खोटे बोलण्याचा साप."

ती सात वर्षांची आहे. तिने सोंगटी खाली नेली नाही. माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "मी कुठे खोटं बोलले? फासाच तीन पडला."

यावर काय उत्तर द्यायचे, तुम्हीच सांगा. ह्यांनी वर्तमानपत्रातून डोके वर काढले. गणित हा ह्यांचा जुना आजार. म्हणाले, "बरोबर आहे तिचं. फाशाची सरासरी साडेतीन. मधले साप सोडले, तर पुढच्या कुठल्याही एका घरावर सोंगटी नेमकी टेकायची शक्यता साधारण सातात दोन. खोटं बोला की खरं बोला, सातात दोनच."

आता जुना पट काढणाऱ्यांना हे कळत नव्हते, असे मी म्हणणार नाही. त्यांचा कर्मावर विश्वास होता. कवडी पालथी पडली तर तीही आपल्याच मागल्या कुठल्यातरी करणीने, अशी श्रद्धा असली की सापाखालचे नाव बरोबर जागेवर बसते. शिवाय कोणत्या दुर्गुणाने माणूस कुठे जाऊन पडतो याचा नकाशा म्हणून तो पट उत्तमच आहे. पण नकाशा निराळा आणि निकालपत्र निराळे. घसरलेल्या सात वर्षांच्या पोरीला "तुझ्या मागल्या जन्मीच्या खोटेपणामुळे तीन पडले" हे सांगायला माझी जीभ रेटेना. घसरल्याचे दुःख तिला होतेच. वर चारित्र्याचा दाखला कशाला?

आणि खरे सांगायचे तर माझ्या डोळ्यांपुढे तो टाय होता.

१९८६ साली हे तो टाय बांधून बढतीच्या मुलाखतीला गेले होते. एका बँकेत होते हे. यादीत नाव वर होते, पेढे कुठून आणायचे इथपर्यंत आमचे बोलणे झाले होते. बढती मिळाली नाही. का, ते आम्हाला आजतागायत कळलेले नाही. पण बाकीच्यांना मात्र आठ दिवसांत कळले! "वरच्यांशी पटत नसणार." "फार ताठ आहेत हो." एक दूरचे मामा तर जिन्यात थांबून हळूच म्हणाले, "काही हातून झालं होतं का?" माणूस घसरायचाच अवकाश, त्याच्याखाली दुर्गुणाचे नाव भरायला सगळे सुईदोरा घेऊन तयार असतात. त्यात लोकांचा दुष्टपणा असतो असेही नाही. कारणाशिवाय माणूस पडू शकतो हे मान्य केले, तर मग आपणही पडू शकतो. त्यापेक्षा तो ताठ होता म्हणून पडला, हे बरे. आपण ताठ नाही.

त्या आठवड्यात ह्यांच्याच शाखेतले एक शिपाई संध्याकाळी घरी आले. चहा घेतला, पावसाविषयी बोलले, तासभर बसले आणि गेले. बढतीचा शब्द काढला नाही. हे अजून त्यांचे नाव काढतात. मुलाखत कुणी घेतली त्यांची नावे मात्र विसरले आहेत.

सापशिडीत खेळणाऱ्याने ठरवण्यासारखे काहीच नसते. बुद्धिबळात डोके लागते, पत्त्यांत लबाडी लागते. इथे फासा टाकायचा आणि मोजायचे, पुण्य करायला जागा कुठेच नाही. विचार करता करता मला एकच जागा सापडली: दुसरा घसरतो तेव्हा आपण काय करतो ती. तेवढे मात्र फासा ठरवत नाही.

म्हणून मी नावे भरली नाहीत. प्रत्येक सापाच्या शेपटीशी उरलेल्या चिंध्यांचा एकेक खिसा लावला आणि खेळणाऱ्या प्रत्येकाला दहा बटणे दिली. नियम असा, की कुणी घसरले तर बाकीच्यांनी आपले एकेक बटण त्या खिशात टाकायचे आणि ती बटणे घसरणाऱ्याने घ्यायची.

पहिल्याच दिवशी नातवाने या योजनेतली मेख काढली. "आजी, मग पडणाऱ्याचा फायदाच आहे की!" दोघेही सापाच्या तोंडी जाण्यासाठी फाशाची आळवणी करू लागली. नात शेवटून पहिली आली, पण तिच्याकडे एकवीस बटणे जमली होती, तेव्हा आपणच जिंकलो असे तिने जाहीर केले. ह्यांनी विचारले, "नियमाने द्यायची ती दया, की कर?" मी म्हटले, कर. पण कर भरता भरता सवय लागते. यावर ह्यांचे समाधान झाले नाही. खरे तर माझेही पुरते झालेले नाही. दुसऱ्या दिवशी बटणे कोचाखाली गेली आणि नियम आपोआप बारगळला.

चौथ्या दिवशी दुपारी नात तिसऱ्यांदा ९८ वर पोहोचली आणि तिसऱ्यांदा टायवरून ७ वर आली. तिचा ओठ थरथरला. नातवाला ९७ वरून नेमके तीनच हवे होते, तरी त्याने हातातला फासा खाली ठेवला आणि म्हणाला, "पाणी पिऊन ये. मी थांबतो." तो हसला नाही. एवढेच. हे माझ्या खिशांमुळे झाले असा माझा दावा नाही. त्याच्या आईने लावलेले वळण असेल, किंवा उन्हाने तो दमलाही असेल.

वहिनी अजून मधूनमधून विचारतात, "नावं कधी भरणार?" त्यांना मी पटावरचा मोठा साप दाखवते. शेपटीजवळच्या वळणावर तो टाय जरा पालथा पडला आहे आणि त्याच्या मागची बारीक पट्टी वर आली आहे. त्यावर लिहिले आहे, "ड्राय क्लीन ओन्ली." आमच्या पटावर लेखी उपदेश तेवढाच आहे, आणि सुटी संपेपर्यंत तोही कुणी पाळला नाही.